हेडलाइटला वाफ धरलीय की आत पाणी शिरलंय?

तुमचा प्रश्न पुन्हा एकदा मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर तुम्हाला कळेल. गाडी आठ महिन्यांची, हॅलोजन बल्बची. आठवड्यातून दोनदा कऱ्हाडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला येता. पाऊस सुरू झाल्यापासून दोन्ही हेडलाइटना आतून वाफ धरते. डाव्याची चिपळूण येईपर्यंत निघून जाते, उजव्याची दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खालच्या कोपऱ्यात तशीच राहते. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, पावसाळ्यात हे चालायचंच. गॅरेजवाला म्हणतो, काचेच्या कडेने सिलिकॉन फिरवून देतो. मेहुणे म्हणतात, खालून एक बारीक भोक पाडा, पाणी निथळून जाईल. आणि शेवटी तुम्ही सहज एक ओळ लिहिली आहे: दीड महिन्यापूर्वी उजव्या बाजूचा डिपरचा, म्हणजे जवळचा उजेड पाडणारा, बल्ब गेला होता, तो पाटणला रस्त्यातच बदलून घेतला.

मी चिपळुणात पंचवीस वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. मला त्या शेवटच्या ओळीतच तुमचं निम्मं उत्तर दिसतंय. ते सविस्तर सांगतो, पण तोपर्यंत सिलिकॉन नको आणि भोक तर मुळीच नको.

आधी एक गैरसमज काढून टाकू. हेडलाइट हा हवाबंद डबा नसतो, आणि तो तसा असूही नये. दिवा लावला की बल्बच्या उष्णतेने आतली हवा फुगते आणि थोडी बाहेर पडते. दिवा विझला की हवा आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. पूर्ण बंद केला तर हा दाब काचेच्या जोडावर येईल आणि जोड कधी ना कधी सुटेल. म्हणून कंपनी मागच्या बाजूला हवा जाण्यायेण्यासाठी वाट ठेवते. कुठे कोपरासारखी वाकलेली, तोंड खाली केलेली रबरी नळी असते, कुठे नाण्याएवढी गोल चकती असते. ही चकती हवा जाऊ देते, पाणी अडवते. बहुतेक गाड्यांत अशा किमान दोन जागा असतात, शक्यतो समोरासमोरच्या कोपऱ्यांत, म्हणजे एकीकडून हवा आत येते आणि दुसरीकडून निघून जाते.

आता पावसाळ्यात आत येणारी हवा ओलीच असणार. पूर्ण दमट हवेत ३० अंश सेल्सिअसला दर घनमीटरला साधारण ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात मावतं. तीच हवा २० अंशांवर आली की जेमतेम १७ ग्रॅम मावतं, बाकीचं दव होऊन बसतं. घाटात वरून थंड पाऊस काचेवर आपटत असतो, त्यामुळे दव काचेच्याच आतल्या बाजूला धरतं, आणि तेही बल्बपासून सगळ्यात लांबच्या थंड कोपऱ्यात. हेडलाइटच्या आत दहा लिटर हवा आहे असं धरलं, तर या हिशेबाने निघणारं पाणी ग्रॅमच्या एक-दशांशाहून किंचित जास्त भरतं. म्हणजे ड्रॉपरचे दोन-तीन थेंब. तेवढंच पाणी बारीक कणांनी काचभर पसरलं की आपल्याला सगळा हेडलाइट धुरकट दिसतो आणि पोटात गोळा येतो. गाडीबरोबर मिळणारं माहितीपुस्तक काढून बघा, बहुतेक कंपन्या त्यात लिहून ठेवतात की पावसात किंवा गाडी धुतल्यावर आतून हलकी वाफ धरू शकते. त्या बाबतीत सर्व्हिस सेंटरवाले खोटं बोलत नाहीत. तुमचा डावा हेडलाइट याच प्रकारात मोडतो, त्याला हात लावू नका.

पण दोन-तीन थेंब कुठे आणि खाली साचून हिंदकळणारं पाणी कुठे. काचेच्या तळाला चमचाभर पाणी दिसत असेल, ओघळ उतरल्याच्या रेघा असतील, मोठे टपोरे थेंब लोंबत असतील किंवा मातीची आडवी रेघ उमटली असेल, तर ते हवेतून आलेलं नाही. ते कुठून तरी सरळ आत शिरलंय. वाफेला वारा हवा असतो आणि गळतीला बुच हवं असतं. हा फरक न करता काम केलं की हेडलाइट वाया जातो. माझ्याकडे बिघडून आलेल्या हेडलाइटपैकी पुष्कळसे पावसाने नव्हे, चुकीच्या इलाजाने बिघडलेले असतात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण मूळ दुरुस्ती बहुतेक वेळा दहा मिनिटांची असते.

तुमच्या उजव्या हेडलाइटची परीक्षा अशी घ्या. गाडी आडोशाला उभी करा, इंजिन चालू ठेवा म्हणजे बॅटरी उतरणार नाही, आणि डिपर अर्धा तास लावून ठेवा. मोबाइलवर दर दहा मिनिटांनी दोन्ही हेडलाइटचा फोटो काढा. वाफ बल्बसमोरून विरळ होत कोपऱ्याकडे सरकायला लागली, तर हवेची ये-जा होतेय. जागची हलली नाही, किंवा विरून पुन्हा दुसरीकडे धरली, तर आत ओल जास्त आहे किंवा बाहेर पडायची वाट बंद आहे.

मग बॉनेट उघडा. दिवे बंद करून इंजिन पूर्ण गार होऊ द्या. उजव्या हेडलाइटच्या मागे डिपरच्या बल्बवर एक गोल झाकण असेल, प्लॅस्टिकचं फिरवून लावायचं किंवा रबराचं दाबून बसवायचं. माझा अंदाज आहे की ते नीट बसलेलं नाही. बल्ब बदलताना झाकण काढावं लागतं, आणि बॅटरी किंवा वॉशरच्या पाण्याची बाटली ज्या बाजूला असते तिथे हात शिरायला जागाच नसते. रस्त्यात, पावसात, नुसत्या चाचपण्याने झाकण लावलं की ते एका बाजूने आट्यात बसतं आणि दुसऱ्या बाजूने नखभर उघडं राहतं. वरून बघितलं तर ठाकठीक दिसतं. म्हणून डोळ्यावर विसंबू नका, करंगळी झाकणाच्या कडेने पूर्ण फिरवा. कुठे ओठासारखी कड वर आलेली लागली तर तीच जागा. झाकण काढून त्याच्या आतली रबरी रिंग बघा: ती खाचेत आहे का, पिळली गेली आहे का, की कुठे पडूनच गेली आहे. चिरलेली असेल तर नवीन घ्या. फार पैशांची गोष्ट नाही.

एच-४ बल्बच्या (अपर आणि डिपर एकाच बल्बमध्ये असलेल्या) गाड्यांत झाकणाऐवजी रबरी बूट असतो. बल्बचे तीन पाय त्यातून बाहेर येतात आणि त्यावर वायरचा कपलर बसतो. या बुटावर बहुधा 'टॉप' असं उठावात लिहिलेलं असतं, ती बाजू वर आली पाहिजे. घाईत तो उलटा बसवला जातो किंवा मधल्या भोकाची कड आत दुमडते, आणि टायरने उडवलेलं पाणी सरळ बल्बच्या पाठीवर येतं. तापलेल्या हॅलोजन बल्बवर पाणी पडलं तर काच तडकू शकते. सारखे बल्ब जातात म्हणून लोक वायरिंग तपासत बसतात आणि दोष असतो या बुटात.

बल्बचंच बोलतोय तर हेही सांगतो. एच-४ मूळ ६०/५५ वॅटचा असतो. जास्त उजेडासाठी १००/९० चा टाकतात आणि त्या उष्णतेने बूट कडक होऊन तडकतो, होल्डर पिवळा पडतो, रिफ्लेक्टर (उजेड पुढे फेकणारा आतला चकचकीत भाग) करपतो. बाहेरून आणलेले एलईडी बल्ब बसवताना मागचा पंखा मावत नाही म्हणून झाकणच कापतात किंवा काढून ठेवतात. अशा गाडीत वाफ धरली तर कारण शोधत बसायची गरज नाही. आधी मूळ बल्ब आणि मूळ झाकण परत लावा.

झाकण बरोबर निघालं, तर नळ्या बघा. मागे वळणाऱ्या त्या रबरी नळीत बोटाने हळूच दाबून पाहा, आत चिखल बसलेला असतो. आपल्याकडे कुंभारीण माशीही या नळ्यांत मातीचं घर करते. गाडी महिनाभर उभी राहिली की हमखास. नळी ओढून काढा, पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि तोंड खाली येईल अशीच परत लावा. गोल चकती असेल तर तिला सुई, ब्रश, स्प्रे काहीही लावू नका. ती खराब झाली असेल तर बदलायची असते. आणि नळीच गायब असेल, नुसतं उघडं नळकांडं दिसत असेल, तर पाणी तिथूनच येतंय. बंपरचं काम झालेल्या गाड्यांत हे मी कित्येकदा पाहिलंय: हेडलाइट काढताना नळी गळून पडते आणि जमिनीवरच राहते.

आता गॅरेजवाल्याच्या सिलिकॉनविषयी. तुमच्या हेडलाइटच्या आत आत्ता ओल आहे. अशा वेळी कडेने सिलिकॉन मारणं म्हणजे ती ओल आतच कोंडणं. मारणाऱ्याने नळ्यांची तोंडंही बुजवली तर मग काही खरं नाही. शिवाय बाजारातल्या बऱ्याच स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो ॲसिडचा वास असतो. वाळताना ती वाफ आत गेली तर रिफ्लेक्टरवरचा ॲल्युमिनियमचा थर काळवंडतो. झटपट चिकटणाऱ्या गोंदाचंही तसंच. त्याच्या वाफेने काचेवर आतून पांढरी बुरशीसारखी छटा येते आणि ती पुसायला आत हात जात नाही. जोड खरोखर सुटला असेल तर सिलिकॉनला माझी ना नाही, पण ते बिनवासाचं, न्यूट्रल जातीचं हवं, जोड कोरडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेला हवा, आणि लावून झाल्यावर चोवीस तास गाडीला पाणी लागता कामा नये. थिनर, पेट्रोल, ॲसिटोनने काच पुसू नका. आपण काच म्हणतो खरं, पण ती पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकची असते आणि त्या द्रवांनी तिला बारीक चिरा पडतात.

मेहुण्यांचं भोक. पाणी त्यातून निथळेल हे खरं, पण घाटात पुढच्या ट्रकने उडवलेला चिखलही त्यातूनच आत येईल. आणि आठ महिन्यांच्या गाडीच्या हेडलाइटला भोक दिसलं की कंपनी वॉरंटीचं नाव काढू देणार नाही.

सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) पुड्या आत टाकायचा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो. पावसाळ्यात ती पुडी दोन-चार दिवसांत पाणी पिऊन तृप्त होते आणि मग काहीच करत नाही. पुडी घरंगळत जाऊन बल्बला टेकली तर जळते, फाटली तर दाणे रिफ्लेक्टरमध्ये कायमचे खुळखुळत राहतात. हेडलाइट टेबलावर वाळवताना, झाकणाच्या तोंडाशी बांधून, एक रात्र ठेवायला ती चांगली. त्यापलीकडे नको.

वाळवायचं कसं, तर उन्हाळ्यात सोपं आहे: झाकणं काढून दुपारभर गाडी उन्हात ठेवली की झालं. पण जुलैमध्ये कोकणात झाकणं उघडून ठेवली तर बाहेरची ओली हवाच आत भरायची. म्हणून हेडलाइट काढून घरात आणावा. एसी असेल तर त्या खोलीत, नसेल तर बंद खोलीत टेबल फॅनसमोर, झाकणाची तोंडं पंख्याकडे करून रात्रभर ठेवावा. केस वाळवायचा ड्रायर चालतो, पण कोमट, आणि वीतभर लांब. हाताच्या तळव्याला ती हवा मिनिटभर सोसवली पाहिजे, तळव्याला चटका बसला तर प्लॅस्टिकलाही बसतोय असं समजा. हीट गन या कामाला वापरू नका. आणि आत फडकं घालून पुसण्याचा मोह आवरा. रिफ्लेक्टरवरची चांदी, म्हणजे तोच ॲल्युमिनियमचा थर, केसाहून कितीतरी पातळ असते, एका पुसण्यात चरे उमटतात आणि उजेड फाटतो. वाळवून बसवल्यावर पहिल्या एक-दोन संध्याकाळी हलकी वाफ दिसली तर घाबरू नका, प्लॅस्टिकने स्वतः शोषलेली थोडी ओल बाहेर येत असते.

झाकण, रिंग, नळ्या सगळं नीट असूनही पाणी साचत असेल, तर गळती शोधायची. हेडलाइट टेबलावर घ्या, एक नळी सोडून बाकी सगळी तोंडं टेपने बंद करा, उरलेल्या नळीतून तोंडाने हलकेच फुंका आणि जोडाच्या कडेने साबणाचं पाणी लावत जा. बुडबुडे जिथे येतील तिथे भेग. कॉम्प्रेसरची हवा लावू नका, चांगला जोडही उघडेल. वरच्या कोपऱ्यात, बोल्ट बसतो त्या कानापाशी, आणि फोकस वरखाली करणाऱ्या स्क्रूपाशी विशेष लक्ष द्या. कुठेतरी हलकं टेकवलेल्या गाडीत बंपर पूर्ववत होतो, पण हेडलाइटच्या कानाखाली केसासारखी चीर राहते आणि ती पाऊस आल्याशिवाय बोलत नाही.

काच उघडून नव्याने बसवायचं काम मी फार विचार करून घेतो. ज्या हेडलाइटचा जोड ब्युटिलचा, म्हणजे काळ्या च्युइंगगमसारख्या चिकट पट्टीचा असतो, तो गरम करून उघडता येतो. जुनी पट्टी पूर्ण काढून नवीन भरली तर वर्षानुवर्षं टिकतो. पण बऱ्याच गाड्यांत पॉलियुरेथेनचा गोंद असतो, तो उष्णतेने सुटत नाही, जोर लावला की काचच मोडते. न बघता 'उघडून देतो' म्हणणाऱ्याकडे हेडलाइट सोपवू नका.

पुराचं पाणी ही वेगळीच गोष्ट आहे, आणि चिपळूणच्या माणसाला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात भरलं, तेव्हा गाड्या छपरापर्यंत बुडाल्या होत्या. पुढचे कितीतरी दिवस माझ्याकडे हेडलाइट येत होते, आत चार बोटं गढूळ पाणी. पहिल्या काही हेडलाइटमधलं पाणी ओतून मी ते तसेच वाळवले. वाळल्यावर गाळ रिफ्लेक्टरवर सिमेंटसारखा धरला आणि कापसाच्या बोळ्याने काढायला गेलो तर गाळाबरोबर चांदीही निघाली. त्यानंतरचे सगळे मी ओले असतानाच धुतले: स्वच्छ पाणी अर्धा लिटर आत ओतायचं, सुपात धान्य घोळावं तसं हलकं फिरवायचं, ओतून टाकायचं, पाणी निवळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा. शेवटचं पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड, म्हणजे वाळल्यावर पांढरे डाग राहत नाहीत. त्यातले कित्येक हेडलाइट आजही रस्त्यावर आहेत. हे फक्त साध्या हॅलोजनच्या हेडलाइटला चालतं. आत एलईडीची सर्किटं असतील तर पाणी ओतायचं नाही. आणि झेनॉन दिवा असेल तर घरी झाकणच उघडू नका, तो पेटताना वीस हजार व्होल्टच्या वर दाब तयार होतो.

तुम्ही पुढची गाडी एलईडीची घेणार आहात असं लिहिलंय, म्हणून एवढंच: एलईडीची उष्णता मागच्या धातूच्या पट्ट्यांकडे जाते, काच गारच राहते. त्यामुळे वाफ जास्त दिसते आणि जायला जास्त वेळ लागतो. तिथे तुलना नेहमी दोन हेडलाइटची एकमेकांशी करा. दोन्हींत सारखी असेल तर थांबून बघा, एकाच बाजूला असेल तर तपासा.

गाडी धुताना प्रेशरची नळी हेडलाइट आणि बंपरच्या फटीवर रोखू देऊ नका, आणि बॉनेट उघडून हेडलाइटच्या पाठीवर तर अजिबात नाही. घाट उतरून आल्या आल्या गरम काचेवर गार पाणीही नको.

हेडलाइट काढणार असाल तर त्याआधी एक काम करा. संध्याकाळी गाडी सपाट जागी भिंतीसमोर पाच-सात मीटरवर उभी करा, डिपर लावा आणि उजेडाची वरची कड खडूने भिंतीवर आखून ठेवा. परत बसवल्यावर गाडी त्याच जागी लावून कड जुळवा. कुंभार्लीच्या वळणांवर समोरच्याच्या डोळ्यांत उजेड गेला तर वाफेपेक्षा मोठा धोका.

तर तुमच्यासाठी क्रम असा: या रविवारी करंगळी फिरवून झाकण बघा. नीट बसलेलं नसेल तर काढा, रिंग सरळ करा, आत वाळवून परत बसवा आणि पुढच्या दोन फेऱ्या बघा. डाव्याइतक्याच वेळात वाफ गेली तर काम झालं. नाही गेली तर काही उघडू नका, ते फोटो घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. गाडी तिथेच अर्धा तास डिपर लावून उभी करा, ॲडव्हायझरला दोन्ही हेडलाइट शेजारी शेजारी दाखवा आणि जॉब कार्डवर 'उजव्या हेडलाइटमध्ये ओल, अर्धा तास लावूनही जात नाही' असं लिहून घ्या. नुसतं 'हेडलाइट चेक केला' असं लिहिलं असेल तर सही करू नका.